एकट्याने परदेशी निघालेली मुलं: बडोदेकर पालकांचे आणि मुलांचे नेहमीचे प्रश्न

बारा ते सतरा वर्षांची मुलं आत्याकडे न्यू जर्सीला, मामाकडे मेलबर्नला किंवा लंडनच्या समर स्कूलला एकटी निघतात, तेव्हा घरात जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं इथे आहेत. काही प्रश्न पालकांचे आहेत, काही मुलांचे. विमानात फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते काउंटरवर, आणि एका मोठ्या माणसाच्या हातून मूल दुसऱ्याच्या हाती जाताना.

कितव्या वर्षापासून मूल एकटं परदेशी जाऊ शकतं?

याला एकच उत्तर नाही, कारण विमान कंपनी, ज्या देशात जायचं तो देश आणि मुक्कामाचं ठिकाण या तिघांचे नियम वेगवेगळे असतात. बहुतेक मोठ्या कंपन्या पाच वर्षांखालच्या मुलाला एकटं घेत नाहीत. ५ ते ११ वर्षांच्या मुलाला ‘अनअकम्पनीड मायनर’ ही सशुल्क सेवा घ्यावीच लागते. बारा पूर्ण झाली की बऱ्याच कंपन्या मुलाला मोठ्या प्रवाशासारखं तिकीट देतात आणि ही सेवा ऐच्छिक होते. ती कितव्या वर्षापर्यंत मागता येते, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते: कुठे १५, कुठे १६, कुठे १७.

युरोपातल्या स्वस्त कंपन्यांचं गणित निराळं आहे. उदाहरणार्थ, रायनएअर १६ वर्षांखालच्या मुलाला एकटं घेत नाही आणि सोबतीची सेवाही देत नाही. लंडनला काकांकडे गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने ‘दोन दिवस डब्लिनला जाऊन येतो’ म्हटलं, तर तिकीट काढण्याआधी हे बघा.

आमची मुलगी तेरा वर्षांची आहे. ती सेवा घ्यावी का? ती म्हणते, मी काय बाळ आहे का!

थेट विमान असेल, तिने आधी एकदा तरी विमानप्रवास केला असेल आणि पलीकडे घ्यायला येणारा माणूस पक्का असेल, तर नाही घेतली तरी चालतं. मध्ये विमान बदलायचं असेल तर घ्या. तिचं म्हणणं ऐका, पण पैसे भरा.

या सेवेत कंपनीचा माणूस मुलाला चेक-इन काउंटरवर ताब्यात घेतो, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणीतून नेऊन विमानात बसवतो. उतरल्यावर फॉर्मवर ज्याचं नाव आहे त्याच व्यक्तीच्या हाती, तिचं ओळखपत्र बघून, मुलाला सोपवतो. फॉर्मवर ‘मामा’ लिहिलं आणि ऐनवेळी मामी आली, तर मूल मिळत नाही. म्हणून घ्यायला येणाऱ्या दोन व्यक्तींची नावं देता येतात का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. नावं पासपोर्टवर किंवा तिथल्या लायसन्सवर आहेत तशीच द्या. घरी सगळे ‘बंड्यामामा’ म्हणत असतील, पण विमानतळावर बंड्या चालत नाही.

ही सेवा बहुधा वेबसाइटवर मिळत नाही, फोन करून मागावी लागते. एका विमानात अशी मुलं किती घ्यायची याला मर्यादा असते, त्यामुळे मे महिन्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच बोला. रात्रभराचा थांबा किंवा दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं असली, तर बऱ्याच कंपन्या ही सेवा देतच नाहीत.

पासपोर्ट आहे, अजून आठ महिने शिल्लक आहेत. मग काळजी नाही ना?

इथेच घोडं पेंड खातं. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तोवरच चालतो. म्हणजे चौदाव्या वर्षी काढलेला पासपोर्ट एकोणिसाव्या वर्षापर्यंत जात नाही, अठराव्या वाढदिवसाला संपतो. दुसरीकडे, अनेक देश आणि विमान कंपन्या मुदत किमान सहा महिने शिल्लक असल्याशिवाय प्रवास करू देत नाहीत. दोन्ही नियम एकत्र धरले, तर साडेसतरा वर्षांच्या मुलाच्या हातातला पासपोर्ट खरा असतो, चालू असतो आणि तरीही निरुपयोगी असतो. हे बहुधा काउंटरवरच कळतं.

सहा महिने मोजायचे ते निघण्याच्या तारखेपासून नव्हे. कुठे ते पोहोचण्याच्या तारखेपासून मोजतात, कुठे परतीच्या. म्हणून परतीच्या तारखेपासून मोजा, म्हणजे चूक होत नाही. तुमचे आठ महिने दोन महिन्यांच्या सहलीला जेमतेम पुरतील. विमान उशिरा सुटून परतीची तारीख पुढे गेली, तर तेवढेही उरणार नाहीत.

१५ ते १८ वयाच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. अर्ज भरताना तो पर्याय निवडावा लागतो, आपोआप मिळत नाही. ३६ पानी पासपोर्टची फी पाच वर्षांच्या मुदतीला १००० रुपये आणि दहा वर्षांच्या मुदतीला १५०० रुपये आहे. तत्काळला २००० रुपये जास्त पडतात. मूल पंधराचं झालेलं असेल तर ५०० रुपये वाचवू नका. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून नव्यासाठी अर्ज करता येतो.

जुन्या पासपोर्टमध्ये अमेरिकेचा चालू व्हिसा असेल, तर नवा पासपोर्ट आल्यावर जुना कपाटाच्या तळाशी टाकू नका. दोन्ही बरोबर लागतात.

पासपोर्टसाठी आईवडील दोघांनी यावं लागतं का?

दोघांची संमती लागते. ती ‘अ‍ॅनेक्श्चर डी’ या नमुन्यात, दोघांच्या सह्यांनी द्यायची. केंद्रावर एक पालक मुलाबरोबर आला तरी काम होतं, पण दुसऱ्याची सही आणि त्याच्या पासपोर्टची स्वसाक्षांकित प्रत हवी. एकाची संमती मिळत नसेल, तर ‘अ‍ॅनेक्श्चर सी’ भरून कारण द्यावं लागतं. आईवडील दोघांचे पासपोर्ट चालू असतील आणि त्यांत एकमेकांची नावं जोडीदार म्हणून नोंदलेली असतील, तर मुलाची पोलीस पडताळणी सहसा लागत नाही. लग्नानंतर आईने पासपोर्टवर नाव बदललं नसेल, तर तो गुंता आधी सोडवा.

बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, ते अहमदाबादच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं. एप्रिलच्या सुट्ट्या लागल्या की अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं, म्हणून दिवाळीनंतरच हालचाल करा.

जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, पासपोर्टवर वेगळं. चालेल?

बडोद्याच्या मराठी घरांत हा प्रश्न नेहमीचाच. दाखला गुजरातीत लिहिला जातो, शाळा त्यावरून इंग्रजी करते आणि आधार तिसरंच काहीतरी छापतं. गायकवाड हे आडनाव एकाच घरात आजोबांच्या कागदांवर ‘जी-ए-ई-के’ आणि नातवाच्या कागदांवर ‘जी-ए-आय-के’ असं सापडतं. शिंदेंचं सिंदे होतं. ‘ळ’ असलेल्या आडनावांचे हाल विचारू नका.

प्रवासापुरता नियम सोपा आहे. तिकीट, व्हिसा, विमा आणि संमतीपत्र या चारही गोष्टींवर पासपोर्टवरचं स्पेलिंग, अक्षरन् अक्षर. वडिलांचं नाव पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असेल, तर तिकिटावरही ते त्याच रकान्यात जायला हवं. शाळेच्या सवयीने आडनाव आधी लिहिलं की तिकिटावर आडनावाच्या जागी मुलाचं नाव जातं. अशी दुरुस्ती करायला कंपन्या पैसे घेतात, काही तर नवं तिकीट काढायला लावतात.

जन्मदाखल्याचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. मूल तुमचंच आहे हे दाखवणारा मुख्य कागद तोच. त्यावरचं आईचं नाव आणि आईच्या पासपोर्टवरचं नाव जुळत नसेल, तर लग्नाचा दाखला जोडा. दाखला फक्त गुजरातीत असेल, तर इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्या. दाखल्यात मुलाचं नावच नसेल, तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून आधी नाव घालून घ्यावं लागेल.

संमतीपत्रात नेमकं काय लिहायचं?

इंग्रजीत, एका पानात आणि दोघांच्या सह्यांनी. वकिली भाषेची गरज नाही. परदेशातला अधिकारी तीन गोष्टी शोधत असतो: मूल कुणाचं, पाठवलं कुणी आणि पलीकडे घेणार कोण.

सुरुवातीला मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक. मग आईवडिलांची नावं, पासपोर्ट क्रमांक, बडोद्याचा पत्ता, दोघांचेही मोबाइल क्रमांक +९१ लावून, आणि ईमेल. मग प्रवास: जाण्या-येण्याच्या तारखा, विमान क्रमांक, कुठल्या विमानतळावरून कुठे. त्यानंतर सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद, म्हणजे घेणाऱ्याचं नाव, मुलाशी नातं, राहता पत्ता, फोन आणि त्याचा पासपोर्ट किंवा तिथल्या रहिवासी परवान्याचा क्रमांक. शेवटी एक वाक्य, की आजारपण किंवा अपघात झाला तर या व्यक्तीला उपचारांसाठी संमती देण्याचा अधिकार आम्ही देत आहोत. हे वाक्य बहुतेकजण विसरतात, आणि हात मोडल्यावर रुग्णालय नेमकं तेच मागतं.

नातं लिहिताना नुसतं ‘अंकल’ लिहू नका. काका, मामा, मावसा आणि वडिलांचे मित्र हे सगळेच इंग्रजीत अंकल होतात, आणि अधिकाऱ्याला हवा असतो तो फरक. ‘आईचा सख्खा भाऊ’ असं स्पष्ट लिहा.

सह्या पासपोर्टवर आहेत तशाच करा. दिवाळीपुरा कोर्टाच्या आसपास नोटरी मिळतात, एका बैठकीत काम होतं. नोटरीचा शिक्का, नोंद क्रमांक आणि तारीख तिन्ही स्पष्ट उमटलंय ना, हे तिथेच बघून घ्या. तीन मूळ प्रती करा: एक मुलाच्या हातातल्या पिशवीत, एक घेणाऱ्याकडे आणि एक घरी. तिन्हींना जन्मदाखल्याची आणि दोघांच्या पासपोर्टची प्रत जोडा.

काही देशांना किंवा शाळांना नोटरीवर समाधान होत नाही, त्यांना अपोस्टिल, म्हणजे परदेशात मान्य होणारं सरकारी प्रमाणीकरण हवं असतं. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. नोटरीनंतर राज्य सरकारचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालय, असा तो क्रम. याला दिवस लागतात, म्हणून शाळेकडून आधी लेखी विचारून घ्या. उगाच करण्यात अर्थ नाही.

घटस्फोट झाला आहे, किंवा एक पालक हयात नाही. मग?

मुलाचा ताबा एकाकडे असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत, आणि त्यातल्या महत्त्वाच्या भागाचं इंग्रजी भाषांतर. आदेशात दुसऱ्या पालकाला भेटीचा अधिकार असेल, तर त्याची संमती घेणंच शहाणपणाचं. पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. एक पालक परदेशात नोकरीला असेल, तर तो तिथल्या भारतीय दूतावासात आपल्या सहीचं साक्षांकन करून मूळ कागद पाठवू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सहीचा फोटो चालत नाही.

व्हिसाच्या अर्जात अल्पवयीन मुलांसाठी काय वेगळं असतं?

देशागणिक बदलतं. बडोदेकर मुलं ज्या देशांत जास्त जातात, तेवढंच इथे.

ब्रिटनच्या व्हिसात मूल कुणाबरोबर येणार की एकटं, हे ठरवलेलं असतं. ‘सोबतीने’ असा व्हिसा असेल तर त्यात सोबत करणाऱ्याचा पासपोर्ट नोंदलेला असतो. त्या व्यक्तीविना मूल पोहोचलं तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. आई बरोबर जाणार म्हणून तसा अर्ज केला आणि नंतर आईला रजा मिळाली नाही, तर जुन्या व्हिसावर पाठवून बघू असं करू नका. आणखी एक गोष्ट: सोळा वर्षांखालचं मूल जवळच्या नातेवाइकांऐवजी दुसऱ्या कुणाकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल, तर ते तिथे ‘प्रायव्हेट फॉस्टरिंग’ ठरतं आणि यजमानाने स्थानिक कौन्सिलला कळवणं बंधनकारक असतं. वडिलांच्या कॉलेजातल्या मित्राकडे उन्हाळाभर ठेवणाऱ्यांनी हे मित्राच्या कानावर घालावं.

शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची) फी बारा वर्षांवरच्यांना ९० युरो आहे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. बारा पूर्ण झालेल्यांचे बोटांचे ठसे घेतात, म्हणून मुलाने स्वतः हजर राहायला हवं. फॉर्मवर आईवडील दोघांच्या सह्या.

ऑस्ट्रेलियासाठी दोन फॉर्म लक्षात ठेवा: पालकांच्या संमतीचा १२२९, आणि मूल पालकांव्यतिरिक्त दुसऱ्याकडे राहणार असेल तर यजमानाने भरायचा १२५७. दुसरा फॉर्म मामाला भरायचा असतो, तुम्हाला नाही. तो मेलबर्नहून वेळेत आला नाही म्हणून अर्ज अडतात.

कॅनडा एकट्या मुलाकडे जन्मदाखल्याची प्रत आणि इंग्रजी किंवा फ्रेंचमधलं संमतीपत्र असण्याची अपेक्षा करतो. सतरा वर्षांखालचं मूल शिकायला जाणार असेल तर तिथला एक जबाबदार ‘कस्टोडियन’ नेमावा लागतो. अमेरिकेत सीमाधिकारी संमतीपत्राची शिफारस करतात, सक्ती नाही, पण म्हणून ते घरी ठेवू नका.

सिंगापूर, थायलंड आणि मलेशियाला पोहोचण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं असतं. तिन्ही मोफत आहेत. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो?

अमेरिकेत लागतोच. भारतीय पासपोर्टवर तिथे बाहेर न पडता विमान बदलण्याची सोय नाही. कॅनडा आणि ब्रिटनमध्येही, ठराविक सवलती सोडल्या तर, ट्रान्झिट व्हिसा लागतो. दुबई, दोहा, सिंगापूरला एकाच तिकिटावर विमान बदलताना लागत नाही.

‘एकाच तिकिटावर’ हे शब्द अधोरेखित करा. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर मध्ये सामान घेऊन, त्या देशात प्रवेश करून, पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. मोठ्या माणसाची अशा वेळी पळता भुई थोडी होते. चौदा वर्षांच्या मुलासाठी दोन तिकिटं काढूच नका, आमचं हे मत ठाम आहे.

अहमदाबादहून पाठवावं की मुंबईहून?

जिथून थेट विमान आहे तिथून. दोन्हीकडून असेल तर अहमदाबाद. अंतर साधारण ११० किलोमीटर, त्यातले ९३ एक्स्प्रेसवेचे. तो संपल्यावर विमानतळापर्यंत शहरातून जावं लागतं आणि खरा वेळ तिथेच जातो. अडीच तास धरा. आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून सुटतात.

मुंबईला जायचं तर वंदे भारत किंवा दुसऱ्या गाडीने बोरिवलीला उतरून सहारचं टर्मिनल २ गाठणं सोपं. मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन उलटं यायचं कारण नाही. पावसाळ्यात मात्र विमानाच्या दिवशी गाडीवर विसंबू नका. वसई-नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आलं की पश्चिम रेल्वे थांबते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा बडोद्यातून बाहेर पडणंच मुश्कील होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आदल्या दिवशी पोहोचा.

तिकिटावर १५ मे, ००:४० लिहिलंय. घरून कधी निघायचं?

१४ मेला संध्याकाळी सहाला. या एका ओळीने जितकी विमानं चुकवली आहेत तितकी वाहतूक कोंडीने चुकवली नसतील. मध्यरात्रीनंतरचं विमान म्हणजे आदल्या दिवशीचा प्रवास. सव्वानऊपर्यंत विमानतळावर पोहोचलात तर तीन तासांहून जास्त वेळ हातात असतो. एकट्या मुलाला चेक-इनला वेळ लागतो, कारण कागद बघायला वरिष्ठाला बोलावतात. काउंटर बहुधा सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, काहींचा त्याहूनही आधी.

विमानतळाच्या आत मी एकटा काय काय करायचं?

आधी चेक-इन. मोठी बॅग दिल्यावर बोर्डिंग पास आणि बॅगेची चिकट पट्टी मिळते. पट्टीवरचं शेवटच्या शहराचं नाव वाच. दुबईला बदलून लंडनला चालला असशील तर तिथे लंडनच्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड हवा, दुबईचा नव्हे. चूक असेल तर काउंटरवरच सांग, नंतर उपयोग नाही.

मग इमिग्रेशन. भारतीयांना निघताना भरायचा फॉर्म १ जुलै २०१७ पासून बंद झाला आहे. अधिकारी विचारतील: कुठे, कशाला, किती दिवस, कुणाकडे, आईवडील कुठे आहेत. सरळ एका वाक्यात उत्तर दे: “मामाकडे, सुट्टीसाठी, पाच आठवडे.” संमतीपत्र मागितल्यावर दे, आधीच पुढे सरकवू नकोस. आईवडिलांना फोन लावायला सांगितला तर घाबरायचं कारण नाही. म्हणूनच तुझं विमान सुटेपर्यंत आईबाबांनी विमानतळाबाहेरच थांबायचं, लगेच बडोद्याला निघायचं नाही.

त्यानंतर सुरक्षा तपासणी. हातातल्या बॅगेत प्रत्येक द्रव १०० मिलीपेक्षा जास्त नको, आणि लोणचं, तूप, श्रीखंड हेही द्रवच. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॉट-तास. २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-तास भरते, म्हणजे चालते. आकडा पुसला गेलेली बँक काढून घेतात.

शेवटी गेट. गेट क्रमांक बदलतात, म्हणून पासवरच्या आकड्यावर विसंबू नकोस, फलक बघ. आणि हेडफोन लावून झोपू नकोस. मुलांची विमानं गेटसमोर बसूनही चुकतात.

आजीने दिलेला खाऊ नेता येतो का?

देशावर अवलंबून आहे, आणि आजीला हे समजावणं हा सगळ्यात अवघड भाग.

संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूरमध्ये खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. खसखस लावलेले अनारसे दुबईला नेऊ नयेत. हा विनोद नाही, तिथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली कारवाई होते. मसाल्याच्या पुड्यांतही खसखस असते, घटक वाचा. सिंगापूरला च्युइंगगम आणि व्हेप (ई-सिगारेट) हेही नको. व्हेप तर भारतातही २०१९ पासून बंद आहे.

युरोपीय संघ आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तूप सगळं त्यात आलं. ऑस्ट्रेलियात विमानात मिळणाऱ्या कार्डावर सगळं खाणं जाहीर करावं लागतं. जाहीर केलं आणि नाकारलं तर फक्त ते फेकतात. लपवलं तर दंड. शंका असेल तिथे ‘हो’वर खूण करायची, हे मुलाला दोनदा सांगा.

भाखरवडी, कोरडा चिवडा, चकल्या कारखान्याच्या बंद पाकिटात, घटकांची यादी छापलेल्या, सहसा अडत नाहीत. लीलो चेवडो ओलसर असतो आणि लांबच्या प्रवासात वास धरतो, तो नको. सुकं खोबरं भारतातच काढून ठेवतात, त्यातल्या तेलाने ते पेट घेऊ शकतं म्हणून. हिंगाची डबी न्यायचीच असेल तर तीन पिशव्यांत बांधा.

औषधं?

मूळ पट्टीत, इंग्रजी चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाव नव्हे तर औषधाचं मूळ नाव. सुट्या गोळ्या डबीत नेऊ नका. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि ट्रॅमाडोल अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय चालत नाहीत. दम्याचा पंप किंवा इन्सुलिन हातातल्या बॅगेतच.

पैसे कसे द्यायचे? क्रेडिट कार्ड देऊन चालेल?

तुमचं कार्ड मुलाच्या हातात देऊ नका. नाव जुळत नाही आणि ओटीपी तुमच्या फोनवर येतो. शिकागोत दुपारी दोनला मूल दुकानात उभं असेल तेव्हा बडोद्यात मध्यरात्र उलटून गेलेली असते, आणि तुमचा फोन सायलेंटवर असतो. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड, बरं. ते अल्पवयीनाच्या नावाने मिळतं का, किती वयापासून, हे बँकेत विचारा. परकीय चलन घेताना मुलाचंही पॅन लागतं आणि ए-२ फॉर्मवर पालकाने प्रतिस्वाक्षरी करायची असते. पॅनला वेळ लागतो म्हणून आधी काढून ठेवा.

रोख परकीय चलन एका प्रवासाला ३००० डॉलरपर्यंत नेता येतं, पण मुलाला एवढं द्यायची गरज नाही. २०० ते ३०० डॉलर, लहान नोटांत, दोन ठिकाणी विभागून. परत आल्यावर लागतील म्हणून थोडे रुपयेही असू द्या. २५,००० रुपयांपर्यंत नेता येतात.

बँकेचं साधं डेबिट कार्ड असेल तर त्याचा परदेशातला वापर निघण्याआधी अ‍ॅपमधून चालू करा. २०२० पासून कार्डं मुळात देशांतर्गत वापरापुरतीच मिळतात. दुकानातल्या मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ विचारलं तर स्थानिक चलन निवडायचं. रुपये निवडले की दर तिथलं मशीन ठरवतं, आणि तो महाग पडतो.

फोनचं काय?

रोमिंग इथूनच चालू करा. वायफायवर भरवसा ठेवता येत नाही, कारण अनेक विमानतळांवरचं वायफायसुद्धा ओटीपी मागतं. ई-सिम असेल तर घरीच बसवून, सुरू करून बघा. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरचे कॉल लागत नाहीत, मेसेज जातात. दुबईला उतरलेलं मूल फोन घेत नाही म्हणून घरात रडारड करण्याआधी हे आठवा. महत्त्वाचे पाच क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. फोनची बॅटरी संपली की आजच्या मुलांना आईचाही नंबर आठवत नाही.

हॉटेलात एकटं राहता येईल?

अठरा वर्षांखाली धरूनच चाला की नाही. बहुतेक हॉटेलं चेक-इनला १८ वर्षांची अट घालतात, आणि ऑनलाइन बुकिंग झालं म्हणजे खोली मिळाली असं नाही. विमान रद्द होऊन कंपनीने हॉटेल दिलं तरी हा प्रश्न येतो. अशा वेळी मुलाने काउंटरवर पहिलं वाक्य हेच बोलायचं: ‘मी अल्पवयीन आहे आणि एकटा आहे.’

पासपोर्ट हरवला तर?

आधी पोलीस तक्रार आणि तिची प्रत. मग भारतीय दूतावास. ते नवा पासपोर्ट देतात किंवा फक्त भारतात परतण्यापुरतं ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’. त्यावर पुढचा देश करता येत नाही. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांचे फोटो मुलाच्या आणि तुमच्या ईमेलमध्ये असतील तर काम भरभर होतं. पोलिसांसाठी युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल तक्रारीसाठी आहे, रात्री तीनच्या घाईसाठी दूतावासाचा आपत्कालीन फोनच लावा.

परतीच्या प्रवासात वेगळं काही?

सगळं उलट क्रमाने, आणि नेमकं तेव्हाच घर सैल पडतं. मामाने मुलाला ‘ड्रॉप’ करून निघून जायचं नाही. सेवा घेतली असेल तर ती परतीच्या तिकिटावरही वेगळी नोंदवलेली असते, ते आठवडाभर आधी तपासा. अहमदाबादला घ्यायला जाणाऱ्याचं नाव परतीच्या फॉर्मवर हवं आणि त्याच्या खिशात मूळ ओळखपत्र हवं. फोनमधला फोटो नव्हे. आईवडील दोघंही नोकरीत अडकले आणि आजोबांना पाठवायचं ठरलं, तर आजोबांचं नाव मूल तिथून निघायच्या आधी कंपनीला कळवा. आणि आजोबांना विमान क्रमांक कागदावर लिहून द्या, कारण आगमनाच्या फलकावर एकाच वेळी दुबईची दोन विमानं असू शकतात.